सस्क्वेहाना नदीत उन्हाळ्यात बोटीशिवाय, पाण्यात उतरून फ्लायवर स्मॉलमाऊथ बास हा मासा मिळतो का? रॉड कोणता घ्यावा?

तुम्ही लिहिलंय की पेनसिल्व्हेनियात हॅरिसबर्गला नुकतेच राहायला आलात, फ्लाय फिशिंग (पिसं-केस बांधून केलेल्या नकली किड्यावर किंवा मासळीवर, म्हणजे फ्लायवर, मासा धरणं) शिकायचंय, आणि इथल्याच एका मराठी माणसाने तुम्हाला सांगितलं, "बोट नसेल तर या नदीत वेळ घालवू नका." हे वाक्य मी आमच्या घरात अनेक वर्षं ऐकत आले आहे. त्यामुळे रॉडचं नंतर बघू, आधी बोटीचं.

मिळतो. उतरूनच मिळतो. जूनच्या अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत, हॅरिसबर्गच्या वरच्या अंगाला, पाण्यात उभं राहणाऱ्याला बोटीत बसणाऱ्यापेक्षा चांगला मिळतो. हे माझं ठाम मत आहे आणि ते मी कुणाच्याही तोंडावर सांगते.

पहिल्यांदा नदी बघितली की छाती दडपते, कारण हॅरिसबर्गपाशी पात्र जवळजवळ मैलभर रुंद आहे. पण उन्हाळ्यात त्यातला मोठा भाग गुडघाभर ते मांडीभर असतो. उत्तरेकडून येताना ही नदी एकामागून एक डोंगररांगा कापत येते आणि त्या रांगांच्या कठीण खडकाच्या कडा पात्रातून आडव्या गेलेल्या आहेत. इथे त्यांना लेज म्हणतात. पाणी लेजवरून घसरतं, मागच्या बाजूला खोलगट चर तयार होतो, तिथे धार मंदावते. स्मॉलमाऊथ तिथेच बसतो. ताकद खर्च न करता समोरून वाहत येणारं खाणं त्याला मिळतं. क्रेफिश (गोड्या पाण्यातले झिंग्यासारखे जीव) खडकांच्या फटीत, बारके मासे गवताच्या पट्ट्यांच्या कडेला. हे सगळं बोटीतून वरवर दिसतं. कुठला खडक शेवाळलेला आहे, कुठे वाळू आहे, कुठे धार अचानक घोट्याला थंड लागते, हे पायांनाच कळतं.

मी मालवणजवळच्या खाडीकाठची. ओहोटीला आई आणि काकू तिसऱ्या काढायला खाडीत उतरायच्या, मी मागे. पाय उचलून टाकायचा नाही, तळाला घासत सरकवायचा, पुढचा पाय रुतून बसल्याशिवाय मागचा हलवायचा नाही. सस्क्वेहानात मी अगदी तशीच चालते. इथल्या पुस्तकांतही हेच लिहिलेलं असतं.

आता आमच्या भावोजींचं. धाकटे दीर, मनाने चांगले, गाडी बंद पडली तर रात्री बारा वाजता येतील. त्यांनी जेट बोट घेतली. इथे जेट बोटी खूप दिसतात, कारण एवढ्या उथळ पाण्यात साधं प्रोपेलर खडकावर फुटतं. बोट घेतल्यापासून त्यांचं एकच पालुपद: नदी एवढी मोठी, चालून किती फिरणार, आणि वहिनी, तुम्ही कशाला एकट्या पाण्यात उतरता. या दुसऱ्या वाक्याचा मला पहिल्यापेक्षा जास्त राग येतो. माझ्या आईला कुणी हे कधी विचारलं नाही.

बोटीपुढे मला उतरून मासा मिळाला ती संध्याकाळ ऑगस्टच्या सुरुवातीची. जुलैच्या शेवटापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत इथे 'व्हाइट फ्लाय' निघते, ही मेफ्लाय नावाच्या पाणकिड्याची पांढरी जात. तिच्या अळ्या नदीच्या तळात बिळं करून राहतात, दिवेलागणीला एकदम लाखोंनी वर येतात आणि त्याच रात्री मरतात. मेफ्लाय किती निघू शकते याची कल्पना यावी म्हणून सांगते: जून 2015 मध्ये खाली कोलंबिया-राइट्सव्हिलच्या पुलावर दिव्यांखाली मेफ्लायचा इतका थर साचला की मोटरसायकली घसरल्या आणि पूल काही वेळ बंद ठेवावा लागला. एवढं खाणं पाण्यावर पडत असताना बास खोल पाणी सोडतो आणि नडगीभर पाण्यात येतो. पाठीचा पंख बाहेर दिसेल इतक्या उथळात.

मी हॅरिसबर्गच्या वरच्या फोर्ट हंटरच्या बाजूने चालत आत गेले होते. खालच्या अंगाला रॉकव्हिलचा रेल्वे पूल दिसत होता. 48 कमानींचा, 1902 साली पुरा झालेला, दगडी कमानींचा एवढा लांब रेल्वे पूल दुसरा नाही. उजेड होता तोपर्यंत क्लाउझर मिनो वापरली. ही फ्लाय याच नदीवर जन्मली आहे. बॉब क्लाउझर हे हॅरिसबर्गच्या खाली मिडलटाउनचे. त्यांनी 1980 च्या दशकात स्मॉलमाऊथसाठी ती बांधली आणि तिला नाव दिलं प्रसिद्ध फ्लाय-मच्छीमार लेफ्टी क्रे यांनी. शिशाचे दोन डोळे हुकाच्या दांडीवर अशा जागी बांधलेले असतात की फ्लाय पाण्यात उलटी होते, हुकाचं टोक वर राहतं आणि खडकात अडकत नाही. जगभर समुद्रातल्या माशांवरही लोक आज ती वापरतात. तुम्ही ज्या गावात राहायला आलात तिथून ती हाकेच्या अंतरावर तयार झाली, हे माहीत असलं पाहिजे.

भावोजी, माझा नवरा आणि भावोजींचे ऑफिसातले दोघं बोटीतून आले, तेव्हा माशी नुकती निघायला लागली होती. लेजच्या खाली मासे ती टिपत होते, त्याची गोल वर्तुळं पाण्यावर सगळीकडे उठत होती. बोट माझ्या वरच्या अंगाला, अगदी लेजजवळ आणून नांगर टाकला. इंजिनाचा आवाज, वर लाटा, वर चौघांची ठाकठूक. दगडांवर पाणी आपटलं आणि वर्तुळं थांबली. सगळी. सपाट पाणी. भावोजी म्हणाले, "इथे काही नाही, वर जाऊ या का?"

मी हलले नाही. मांडीभर पाण्यात, माशांच्या खालच्या अंगाला, तोंड प्रवाहाकडे करून उभी राहिले. मासे बहुतेक वेळ धारेकडे तोंड करून असतात, त्यामुळे मागून येणारा माणूस त्यांना कमी दिसतो. पाण्यात अर्धा बुडालेला माणूस बोटीत उभ्या असलेल्या माणसापेक्षा ठेंगणा दिसतो, हेही आहेच. बराच वेळ गेला. बोटीतली मंडळी कंटाळून खायला बसली, गप्पा हळू झाल्या, आणि काठाकडच्या गवताजवळ पुन्हा एक वर्तुळ उठलं. बारका, सावध घोट, मोठा मासा घेतो तसा. पांढरा छोटा पॉपर (पाण्यावर तरंगणारी फ्लाय) त्याच्या दोन हात वर टाकला. हलवला नाही. फ्लाय पडल्याची वर्तुळं विरेपर्यंत थांबले, मग अगदी एक झटका. पॉपर गेला. नुसता चोखल्यासारखा आत गेला.

इथे एक गोष्ट घट्ट लक्षात ठेवा, कारण जवळच्या यलो ब्रीचेस ओढ्यावर ट्राउट धरायला शिकून आलेले सगळे इथेच मासा घालवतात: मासा घेतला की रॉड वर उचलायचा नाही. रॉडचं टोक पाण्याकडे ठेवून डाव्या हाताने लाइन सरळ, लांब ओढायची. बासचा जबडा टणक असतो, रॉड उचललात तर हूक रुतत नाही आणि फ्लायही त्याच्यापासून दूर जाते.

त्याने दोनदा उडी मारली आणि मग लेजखाली घुसायला बघितलं. मी त्याच्यासोबत खाली चालत गेले, पाय सरकवत, आणि त्याला खडकापासून बाजूला काढलं. बोटीतून हे होत नाही, नांगर टाकलेली बोट माशामागे चालत जात नाही. माझ्या रॉडवर वीस इंचांवर टेपची खूण आहे. शेपूट त्या खुणेला टेकली. कांस्याच्या रंगाचा, अंगावर उभे गडद पट्टे, डोळे लाल. एवढ्या माशाचं वय या नदीत दहा वर्षांच्या आसपास असू शकतं. नवऱ्याने बोट जवळ आणून फोटो काढला, मी मासा पाण्यात धरून ठेवला, आणि तो स्वतःहून निघून गेला.

पुढच्या महिन्यात गणपतीत, मंडळाच्या जेवणाच्या पंगतीत, भावोजी तो फोटो दाखवत सांगत होते, "आमच्या बोटीतून वहिनींना वीस इंची मिळाला." फोटोच्या कोपऱ्यात बोटीची कड दिसते ना, म्हणून. मी तिथल्या तिथे सांगितलं की मी बोटीत नव्हते. सगळे हसले, नवरा म्हणाला, "जाऊ दे ना." अजूनही तो मासा 'बोटीतला' म्हणूनच ओळखला जातो. तुम्हाला सल्ला देणारा मराठी माणूस त्या पंगतीत असेल तर मला आश्चर्य वाटणार नाही. फोटो नीट बघा म्हणावं, पाणी माझ्या कमरेला टेकलंय.

त्याच पंगतीत दुसरा प्रश्न आला: खायचा नाही तर पकडता कशाला? मी मालवणची आहे. माझ्या घरात मासा नसेल तर जेवण अर्धं वाटतं. तरीही या नदीतला बास सोडायचा, यात चर्चा नाही. 2005 च्या उन्हाळ्यात इथे बासची लहान पिल्लं अंगावर जखमा होऊन मोठ्या संख्येने मेली आणि पुढची कित्येक वर्षं ते चालू राहिलं. 2011 पासून राज्याच्या फिश अँड बोट कमिशनने मधल्या सस्क्वेहानात आणि तिची उपनदी जुनियाटाच्या खालच्या भागात बास पकडून लगेच सोडण्याचा नियम केला. हॅरिसबर्गच्या वरच्या डंकननजवळ 2014 मध्ये एका बासला कर्करोगाची गाठ सापडली. 2015 मध्ये राज्याच्या अभ्यासाने मुख्य संशय दोन गोष्टींवर ठेवला: अंतःस्रावी ग्रंथींच्या कामात ढवळाढवळ करणारी रसायनं, तणनाशकांसकट, आणि रोगजंतू व परजीवी. नदी त्यातून हळूहळू सावरली आहे. मी धरलेला तो मासा त्या वाईट वर्षांत जगलेल्या पिल्लांपैकी असेल. तो तळून खायचा? आपल्याला सुरमई विकत मिळते.

आणि हो, हा मासा मूळचा या बाजूचा नाही. तो ओहायो नदी आणि पंचमहासरोवरांकडचा. शेजारच्या पोटोमॅक नदीत 1854 साली तो ओहायोकाठच्या व्हीलिंगहून रेल्वे इंजिनाच्या पाण्याच्या टाकीत घालून आणला होता. सस्क्वेहानातही एकोणिसाव्या शतकातच सोडला गेला. म्हणून त्याची काळजी कमी करावी असं म्हणणारेही आहेत. मला ते पटत नाही.

आता तुम्ही नवीन आहात म्हणून काही गोष्टी, आणि या गंभीर आहेत. शहरातल्या डॉक स्ट्रीट धरणाच्या वर किंवा खाली जवळपास कुठेही जाऊ नका. दिसायला ठेंगणं आहे, पण त्याच्या पायथ्याचं पाणी उलटं फिरतं आणि माणसाला सोडत नाही. तिथे बरीच माणसं गेली आहेत. निघण्यापूर्वी यूएसजीएसच्या (अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेच्या) संकेतस्थळावर हॅरिसबर्गचा गेज, म्हणजे पाणीपातळीचा आकडा, बघा. साडेतीन फुटांच्या वर असेल तर मी माझ्या जागांवर उतरत नाही. हा आकडा म्हणजे पाण्याची खोली नव्हे, नुसती खूण आहे. मोठा पाऊस झाला की शहराच्या खालच्या अंगाला दोन-तीन दिवस उतरायचं नाही, जुन्या गटारांचं पाणी नदीत येतं. हातात काठी हवीच, अंगावर लाइफ व्हेस्ट हवं, आणि पहिल्या वर्षी सोबत कुणीतरी हवं. मी एकटी उतरते, पण मी ते पात्र ओळखते.

विणीच्या काळात नर बास घरट्यावर पहारा देतो, तेव्हा त्याला तिथून उठवू नका. 2012 मध्ये त्या काळापुरती बंदीच आली होती. आज काय लागू आहे ते चालू वर्षाच्या नियमपुस्तिकेत बघा.

भावोजींच्या बाजूनेही एक सांगायला हवं. वसंतात पाणी चढलेलं असतं, हिवाळ्यात मासे खोल डोहांत जाऊन बसतात, तेव्हा बोटच योग्य. त्या महिन्यांत मी स्वतः त्यांच्या बोटीत जाते. पण तुम्ही उन्हाळ्याचं विचारलंत.

सुरुवात जुनियाटावर करा, ती डंकननपाशी सस्क्वेहानाला मिळते. पात्र लहान आहे, लेज तशाच, मन घाबरत नाही.

रॉड: नऊ फुटी, सेव्हन वेट (म्हणजे सात नंबरच्या वजनाच्या लाइनसाठीचा). त्यावर तरंगणारी वेट-फॉरवर्ड (पुढचा भाग जड असलेली) लाइन, तिला जोडायचा नऊ फुटांचा निमुळता लीडर, टोकाला फ्लाय बांधायला दहा-बारा पौंडाचा बारीक दोरा, टिपेट. रीलवर पैसे घालवू नका, इथे ते फक्त लाइन गुंडाळायला लागतं. पैसे घालवायचे तर बुटांवर घाला, रबरी तळाचे, खिळे बसवलेले, घोटा घट्ट धरणारे. उन्हाळ्यात वेडर (छातीपर्यंतची पाणी न शिरणारी पँट) लागत नाही, पटकन वाळणारी पँट पुरते. आणि तुम्हाला सांगणारे ते गृहस्थ कोण, हे जमलं तर कमेंटमध्ये कळवा.