घेरियाचा वॉटसन कोण होता?

प्रश्न : दिवाळीत नातवाला घेऊन विजयदुर्ग पाहून आले. तिथल्या वाटाड्याने सांगितलं, ‘आंग्र्यांचं आरमार वॉटसनने जाळलं.’ पुण्याला पोहोचेपर्यंत नातू विचारत होता, हा वॉटसन कंपनीचा नोकर होता का? पुढे त्याचं काय झालं?
– एक आजी, सहकारनगर, पुणे

उत्तर : ताई, नातवाला आधी हे सांगा की चार्ल्स वॉटसन कंपनीचा नोकर नव्हता. तो इंग्लंडच्या राजाच्या आरमारातला अ‍ॅडमिरल. जन्म १७१४ चा. १७२८ साली पोरवयातच जहाजावर दाखल झाला, १७३८ मध्ये कप्तान आणि १७४८ मध्ये रिअर अ‍ॅडमिरल. सर चार्ल्स वेजर हे आरमारातलं बडं प्रस्थ त्याच्या नात्यातलं, त्याचा आधार होताच. पण फ्रेंचांशी झालेल्या लढायांत तो स्वतः लढलेला होता. १७५४ मध्ये त्याला इकडे धाडलं तेही फ्रेंचांवर नजर ठेवायला.

मग तो विजयदुर्गावर, म्हणजे इंग्रजांच्या घेरियावर, कसा आला? तुळाजी आंग्रे पेशव्यांना जुमानत नव्हते, म्हणून नानासाहेबांनी इंग्रजांशी करार केला. मी बावीस वर्षं नौदलात काढली आहेत. मराठ्यांचं आरमार बुडवायला परक्या जहाजांना पुण्यातून साथ मिळाली, हे लिहिताना आजही माझा हात अडखळतो.

१२ फेब्रुवारी १७५६ च्या दुपारी वॉटसनने ‘केंट’ या आपल्या जहाजावरून हल्ला चालवला. तुळाजी त्या वेळी बोलणी करायला मराठ्यांच्या छावणीत गेले होते, किल्ला मेहुण्याच्या हाती होता. इंग्रजांचा एक बाँबगोळा ‘रिस्टोरेशन’ या जहाजावर पडला. हे जहाज आंग्र्यांनी पूर्वी कंपनीकडूनच जिंकून आणलेलं. ते पेटलं आणि शेजारी बांधलेल्या गुराबा, गलबतं एकामागून एक पेटत गेली. देवगडला आजोळी होडीची डागडुजी मी लहानपणी जवळून पाहिली आहे. फळ्यांच्या फटीत कापूस ठोकून बसवत आणि वर राळ-तेल चोपडत. त्याचा वास बोटांवरून दोन-दोन दिवस जात नसे. फेब्रुवारीतली कोरडी हवा, दुपारचा खारा वारा, आणि अशा लाकडी नावा एकमेकींना खेटून! दोर तोडून एखादी बाजूला काढायलाही उसंत मिळाली नसणार.

त्याच रात्री कंपनीचा सेनानी रॉबर्ट क्लाइव्ह फौज घेऊन जमिनीवर उतरला, पेशव्यांच्या माणसांना किल्ल्यात आधी शिरता येऊ नये म्हणून. १३ तारखेला किल्ला पडला. सुमारे दहा लाखांची लूट इंग्रजांनी आपसांत वाटून घेतली, मराठ्यांच्या हाती त्यातलं काही लागलं नाही. किल्ला पेशव्यांना मिळाला तो पुढे ऑक्टोबरातल्या तहाने. तुळाजींचं उरलेलं आयुष्य पेशव्यांच्या कैदेत गेलं.

वॉटसन माणूस म्हणून हलका नव्हता, हेही सांगायला हवं. लुटीत क्लाइव्हचा वाटा कमी पडतो म्हणून तो स्वतःच्या वाट्यातून भर घालायला तयार झाला होता, क्लाइव्हने ती घेतली नाही. पुढे बंगालमध्ये अमीचंद या सावकाराला फसवायला क्लाइव्हने खोटा तह तयार केला, त्यावर सही करायला वॉटसनने साफ नकार दिला. शेवटी त्याची सही दुसऱ्याकडून ठोकवली गेली.

जानेवारी १७५७ मध्ये बंगालच्या नवाबाकडून कलकत्ता परत घेण्यात त्याचीच जहाजं पुढे होती. २३ मार्चला बंगालमधलं फ्रेंचांचं ठाणं चंद्रनगर पडलं, पण फ्रेंच तोफांनी ‘केंट’ची चाळण केली. १६ ऑगस्टला कलकत्त्यातच तापाने तो गेला. प्लासीला जेमतेम दोन महिने होत होते. लंडनच्या वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत कंपनीने त्याचं स्मारक उभारलं. त्यावर कलकत्ता आणि चंद्रनगरच्या जोडीला आपलं घेरियाही कोरलेलं आहे.

नातवाला पुन्हा न्याल तेव्हा नुसता किल्ला पाहून परतू नका. गिऱ्ये गावाजवळ, वाघोटण खाडीच्या कडेला आंग्र्यांची खडकात खोदलेली गोदी आहे. ओहोटीची वेळ गावात विचारून घ्या, आणि चपला चांगल्या पकडीच्या असू द्या, खडक शेवाळलेला असतो.