वीज शेवटी कोळशाचीच, मग गोव्यात इलेक्ट्रिक गाडी घेऊन फायदा काय?

घ्या. म्हापसा ते वेर्णा रोजचं जाणंयेणं, म्हणजे सत्तर-पंच्याहत्तर किलोमीटर, घर स्वतःचं, गाडी लावायला अंगण आहे, असं तुम्ही लिहिलंय. एवढ्यावरच मी घ्या म्हणेन. पण तुमचा खरा प्रश्न पुढचा आहे, की इथली वीज येते कोळशातून, मग पेट्रोल सोडून कोळसा जाळायचा आणि वर मोल्याचं अभयारण्य वाचवण्याच्या आणि कोळशाविरुद्धच्या आंदोलनाला पाठिंबाही द्यायचा, हे कसं जमणार. प्रश्न चांगला आहे आणि तो टोलवून लावू नये असं मला वाटतं. मी फोंड्यात इलेक्ट्रिकल कामाची कॉन्ट्रॅक्टं घेतो, गेली काही वर्षं स्वतःही इलेक्ट्रिक गाडी चालवतोय, तेव्हा दोन्ही बाजूंनी बोलतो.

आधी हिशेब करू. तुमच्या साईझची पेट्रोल गाडी पर्वरीच्या ट्रॅफिकमधून लिटरला १६ देते असं धरलं तर रोज पावणेपाच लिटर लागतात. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे सायलेन्सरमधूनच जवळपास ११ किलो, आणि ते तेल काढणं, रिफायनरी, टँकर हे सगळं धरलं की १३ च्या आसपास. आता इलेक्ट्रिक. चार्जिंगमधली गळती पकडून भिंतीतल्या प्लगमधून घेतलेल्या एका युनिटला सहा किलोमीटर, तुम्हाला लागतील साडेबारा युनिट. देशाच्या ग्रिडवर, म्हणजे वीजवाहिन्यांच्या जाळ्यावर, एका युनिटमागे सरासरी ०.७ किलोच्या थोडं वर कार्बन पडतो, तारांमधली गळती धरून ०.८ म्हणू, म्हणजे १० किलो. तर १३ विरुद्ध १०. कोळशाची वीज वापरूनसुद्धा इलेक्ट्रिकच कमी, पण लोक सांगतात तसं शून्य अजिबात नाही. कारण सोपं आहे, पेट्रोल इंजिन तेलातल्या ऊर्जेचा पाव-एक हिस्सा चाकापर्यंत नेतं, बाकीची बॉनेटखाली उष्णता होऊन जाते, तर मोटर बॅटरीतली बहुतेक सगळी ऊर्जा चाकाला देते. त्यामुळे कोळशाच्या प्लांटमध्ये अर्ध्याहून जास्त उष्णता वाया गेली तरी बेरीज थोडी आपल्या बाजूला राहते.

बॅटरी बनवतानाही कार्बन निघतो, तीस युनिटच्या बॅटरीला दोन ते तीन टन धरतात. तुमच्या रोजच्या तीन किलोच्या फरकातून ते फेडायला तीनेक वर्षं जातील. म्हणून महिन्यातून चारदा गाडी काढणाऱ्याला मी कधीच घ्या म्हणत नाही, त्याने आहे तीच गाडी नीट सर्व्हिस करून वापरावी. तुमचं वर्षाला वीस-बावीस हजार किलोमीटर होतंय म्हणून सांगतोय.

दुसरं म्हणजे पेट्रोल गाडी आज जेवढा धूर सोडते तेवढाच दहा वर्षांनीही सोडणार, किंबहुना जास्तच. ग्रिड बदलतंय. २०२५ मध्ये देशातली वीजनिर्मितीची निम्मी क्षमता कोळसा-गॅस सोडून इतर स्रोतांची झाली, अर्थात प्रत्यक्ष युनिटं मोजली तर अजून तीन चतुर्थांशाच्या आसपास कोळसाच आहे, कारण सूर्य रात्री नसतो. पण दिशा तर ठरलीय ना. तुमची गाडी न बदलता दरवर्षी थोडी थोडी स्वच्छ होत जाईल, हे पेट्रोलच्या गाडीत शक्यच नाही. उलट ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, आल्यापासून मायलेज पडलंय, इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, आणि जुन्या गाड्यांना सहा-सात टक्क्यांचा फटका बसेल हे नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच लिहिलं होतं. आमच्या जवळ धारबांदोड्याला संजीवनी साखर कारखाना बंद पडून आहे, तिथे इथेनॉल प्लांट येणार म्हणून ऊसवाल्यांना सांगत आलेत, शेतकरी वाट बघतायत. त्यांचं भलं झालं तर मला आनंदच आहे, पण मायलेज कमी होतंय हे पंपावर माणसाला स्पष्ट सांगायला नको?

आता मोले. इथे लोक दोन कोळसे एकत्र करतात म्हणून मुद्दाम लिहितो. मुरगाव बंदरात जो कोळसा उतरतो, ज्याची काळी पूड वास्कोतल्या लोकांच्या गॅलरीत बसते, तो आपल्या विजेसाठी नाही, तो रेल्वेने घाट चढून कर्नाटकातल्या पोलाद कारखान्यांना जातो. 'गोंयांत कोळसो नाका' म्हणत २०२० च्या नोव्हेंबरात रात्री चांदरला लोक रेल्वे रुळांवर बसले ते त्या कोळशासाठी आणि रेल्वेच्या दुपदरीकरणाविरुद्ध, आणि त्या दुपदरीकरणाची मोल्यातली वन्यजीव मंडळाची परवानगी २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने रद्दही केली. आपली वीज येते बाहेरून, कोरबा, विंध्याचल, रामगुंडम असल्या ठिकाणाहून, गोव्यात स्वतःची निर्मिती नावापुरतीच. म्हणजे आपल्या विजेची राख छत्तीसगडच्या गावात पडते. हे मला जास्त टोचतं, कारण ती आपल्याला दिसत नाही.

आणि गोवा-तमनार वीजवाहिनी प्रकल्पातली, मोल्यातून न्यायची ४०० केव्हीची लाइन, तिचा संबंध मात्र थेट विजेशी. मी या धंद्यातला आहे, गोव्याला जास्त वीज लागते, लाइन लागते, हे मी नाकारणार नाही. एसी वाढले, हॉटेलं वाढली, उद्या गाड्या वाढतील. पण लाइन हवी म्हणजे अभयारण्यातून नवा पट्टाच तोडायला हवा असं नव्हतं. सुप्रीम कोर्टाने नेमलेल्या समितीनेच २०२१ मध्ये सांगितलं की जुन्या २२० केव्ही लाइनचा पट्टा आहे, त्यातूनच न्या. आंदोलनवाल्यांना विकासविरोधी म्हणणाऱ्यांनी हे वाचावं. लोक ओरडले नसते तर हा मुद्दा कागदावर आलाच नसता. तेव्हा इलेक्ट्रिक गाडी घेणं आणि मोल्याच्या बाजूने उभं राहणं यात मला कसलाच विरोध दिसत नाही. उलट गाडी घेणाऱ्यानेच जास्त विचारायला हवं की वीज कुठून आणताय आणि कुठल्या रस्त्याने.

छपराचंही बघा. तीन किलोवॅटचं सोलर म्हणजे वर्षाच्या सरासरीने दिवसाला बारा युनिट, बरोबर तुमची रोजची गरज. केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८ हजार सबसिडी आहे. दिवसा तुम्ही वेर्ण्याला आणि सूर्य म्हापशाला, पण नेट मीटरिंगमुळे दिवसाची युनिटं ग्रिडला जाऊन रात्रीच्यातून वजा होतात. जून ते सप्टेंबर निर्मिती एकदम पडते, तिथे फार आशा ठेवू नका. एजंट एप्रिलचा आकडा दाखवून बाराही महिन्यांचा गुणाकार करून देतात, त्यांना जुलैचा आकडा विचारा.

पैशांचं थोडक्यात. पेट्रोल ९७ धरलं तर किलोमीटरला सहा रुपये, घरची वीज युनिटला पाच धरली तरी एक रुपयाच्या आत. महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर नऊ-साडेनऊ हजार वाचतात. बाहेरच्या फास्ट चार्जरवर मात्र युनिट घरच्यापेक्षा तिप्पट-चौपट पडतं, त्यावर रोज अवलंबून राहायचं असेल तर हा हिशेब अर्धा कोसळतो. सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांचा जीएसटी १८ टक्क्यांवर आलाय, इलेक्ट्रिकचा आधीसारखा पाचच आहे, त्यामुळे पेट्रोल गाडी स्वस्त होऊन किमतीतला फरक पूर्वीपेक्षा वाढलेला दिसेल, शोरूममध्ये दोन्हींचे ऑन-रोड आकडे मागून घ्या. इलेक्ट्रिक गाडीवरच्या राज्याच्या सबसिडीच्या भरवशावर राहू नका, २०२१ च्या शेवटी मोठ्या थाटात जाहीर झाली आणि २०२२ च्या मध्यात बंद झाली, गाडी बुक करून बसलेले लोक लटकले. असं करणं चूक आहे, धोरण पाच वर्षांचं म्हणायचं तर पाच वर्षं चालवायला हवं.

यामागे राजकारण आहे ते पण समजून घ्या. २०१२ मध्ये पर्रीकरांनी पेट्रोलवरचा व्हॅट २० टक्क्यांवरून ०.१ टक्क्यावर आणला, लिटरमागे अकरा रुपये उतरले, सावंतवाडी-बांद्याकडून लोक टाकी भरायला येत होते. नंतर हळूहळू तो परत चढला, कारण सरकारला पैसा लागतो. केंद्राचंही तेच, २०२० च्या मे महिन्यात लॉकडाऊनमध्ये कच्चं तेल कोसळलेलं असताना पेट्रोलवरचं उत्पादन शुल्क जवळपास ३३ रुपयांवर नेलं. पंपावर मिळतो तसा कर प्लगवर मिळत नाही. म्हणजे गाड्या इलेक्ट्रिक झाल्या की हा पैसा दुसरीकडून काढावाच लागणार, रोड टॅक्समधून नाहीतर वीजदरातून. हे उघडपणे कोणी बोलत नाही, आणि तो बोजा रात्री दोन पंखे चालवणाऱ्या घरावर पडू नये म्हणून आत्ताच बोलायला हवं. वीज नियामक आयोगाची वीजदरावर जनसुनावणी होते तिथे जात जा.

आणि एक, हे मनापासून सांगतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत गोव्यात पंचेचाळीस टक्के घरांत चारचाकी निघाली, देशात सगळ्यात जास्त. एवढ्या सगळ्या गाड्या इलेक्ट्रिक केल्या तरी पर्वरीचा जॅम तोच राहणार. कदंबच्या इलेक्ट्रिक बशी आल्यात, चांगल्या आहेत, पण रात्री उशिरा वेर्ण्याहून सुटणाऱ्या पोरापोरींना बस मिळाली तर खरं पेट्रोल वाचेल. तुमच्या कंपनीत चार-पाच जण म्हापशाचे असतील तर गाडी भरून न्या, आकडा लगेच पाचव्या हिश्श्यावर येतो.

रेंजची काळजी करू नका. पत्रादेवी ते पोळे, म्हणजे गोव्याच्या एका सीमेपासून दुसऱ्या सीमेपर्यंत, अख्खा हायवे साधारण १४० किलोमीटरचा. बेळगावला जाताना चोर्ला घाट चढताना बॅटरीचे टक्के झपाझप उतरतात, येताना उतारावर थोडे परत मिळतात, एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

आता घरचा प्लग, यात मला सगळ्यात जास्त चुका दिसतात. गिझर वीस मिनिटं चालतो, गाडी रोज चार तास पंधरा अँपियर ओढते. जुन्या घरात गिझरच्याच वायरवर पॉइंट काढून देतात, मग सॉकेट तापून पिवळा पडतो. मीटरपासून वेगळी वायर, चार स्क्वेअर एमएमच्या खाली नको, स्वतंत्र एमसीबी (लोड जास्त झाला की वीज तोडणारा) आणि आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा). बिलावर मंजूर लोड बघा, एसी आणि गाडी एकदम चालणार असेल तर वाढवून घ्या. आणि अर्थिंग. आपली चिऱ्याची जमीन, उन्हाळ्यात खडखडीत कोरडी, अर्थिंग धड मिळतच नाही, आणि गाडीचा चार्जर ते ओळखून चार्जच घेत नाही, मग लोक गाडीला दोष देतात. कोणी अर्थिंग चुकवायला न्यूट्रल जोडून देतो म्हणाला तर त्याला घरात घेऊ नका, त्याने माणूस मरतो. अर्थिंगचा स्वतंत्र खड्डा मारून घ्या आणि त्याच्या रोधाचं रीडिंग एप्रिल-मेमध्ये, पहिला पाऊस पडायच्या आधी घ्या, ओल्या मातीत सगळ्यांचंच चांगलं येतं. पाच ओमच्या आत आलं तर निर्धास्त बुक करा, नाही आलं तर दुसरा खड्डा मारून दोन्ही जोडा आणि परत मोजा.