रत्नागिरीजवळ गर्दी नसलेला शांत समुद्रकिनारा कोणता?

तुम्ही लिहिलंय की डिसेंबरात आई-वडिलांना घेऊन तीन दिवस रत्नागिरीला येताय, गणपतीपुळं दोनदा झालंय, या वेळी जत्रा नको, शहरापासून तासाभरात गाठता येईल असा शांत किनारा हवा. आणि आईंचे गुडघे दुखतात. गुडघ्यांचं लिहिलंत ते बरं केलंत, नाहीतर मी तुम्हाला सरळ कड्याखाली उतरावं लागणाऱ्या देवघळीच्या किनाऱ्याला धाडलं असतं.

मी रत्नागिरीचाच. मांडवीपासून घर चालत दहा मिनिटांवर. आमच्याकडे ‘बीचवर जाऊया’ असं कोणी म्हणत नाही, ‘समुद्रावर जाऊन येतो’ म्हणतात, आणि संध्याकाळी निम्मं शहर हेच म्हणून बाहेर पडतं. म्हणून शहरातले किनारे आधी बाजूला काढतो. मांडवी, म्हणजे आमचा काळा समुद्र (वाळू काळी म्हणून), भेळ खायला उत्तम, शांततेला नाही. पांढऱ्या समुद्राची बरीच वाळू लाटांनी नेली. मिऱ्याला धूप थांबवायला दगडांचा बंधारा घातलाय. निसर्ग वादळात, जून २०२० मध्ये, बसरा स्टार नावाचं जहाज तिथे येऊन अडकलं आणि पुढे कित्येक वर्षं तसंच पडून होतं. ते बघायलाच इतकी माणसं जायची की शेंगदाणेवाल्यांचं बरं चाललं होतं.

भाट्याचं मात्र ऐका. काजळी नदीच्या पुलावरून पलीकडे गेलात की लागतो तो. पुलाच्या टोकाला गाड्या, उंट, पोरं, सगळं काही असतं. दुसऱ्या टोकाला झरी विनायकाचं देऊळ, तिथेही माणसं. पण मधला सुरूबनाचा पट्टा? तिथे रविवारीसुद्धा मला दहा-पंधरा माणसांपलीकडे कोणी दिसलेलं नाही. किनाऱ्याला येणारा माणूस गाडी लावतो तिथून दोनशे पावलांच्या पुढे जात नाही, हा माझा तीस वर्षांचा अनुभव आहे. तेवढं चाललात की अर्धं काम झालं.

आता आरे-वारे. फोटोत तेच दिसतं, त्यामुळे तुम्हाला चार जणांनी तेच सुचवलं असणार. आम्ही शाळेत असताना तिकडे जायचं म्हणजे मोठा खटाटोप होता, आणि वारे गावच्या पुळणीवर, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावर, आमच्या पावलांखेरीज खेकड्यांच्याच रेघोट्या असायच्या. पुढे खाड्यांवर पूल झाले, सागरी मार्ग झाला, गणपतीपुळं त्या वाटेने पंचवीसेक किलोमीटरवर आलं आणि जाणारा प्रत्येक जण घाटीच्या वळणावर गाडी थांबवू लागला. वरून दिसतं ते अप्रतिमच, वाद नाही. वरून बघा आणि पुढे जा. खाली पाण्यात उतरू नका. तिथे तळ एकदम खोल जातो, ओढ वाईट आहे, आणि माणसं बुडालेली आहेत. वाटेत साखरतरचा पूल ओलांडल्यावर काळबादेवीची लांबच लांब पुळण आहे. तिच्यासाठी गावात वळावं लागतं म्हणून पर्यटक वळत नाहीत. सकाळच्या फेरीला ती चांगली.

पण तुमच्यासाठी माझं उत्तर दक्षिणेला आहे. उत्तरेला सगळे देवामागे जातात. दक्षिणेलाही देव आहेत, पण आमच्याकडे म्हणतात, गुळ्याचा गणपती पुळ्याला गेला. गुळं म्हणजे गणेशगुळं, पावसच्या पुढे. देव खरंच गेला की नाही ते देवाला ठाऊक, गर्दी मात्र त्याच्यामागून नक्की गेली. देऊळ सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावर, किनारा खाली. पावसला स्वामी स्वरूपानंदांच्या समाधीला भरपूर लोक येतात, दर्शन घेतात, प्रसाद घेतात आणि परत फिरतात. पुढचा फाटा त्यांच्या वाटेत येतच नाही. वडिलांना पावसला जायचं असेल तर सकाळी पावस, दुपारनंतर गणेशगुळं असा बेत छान जमतो.

आणि एकच किनारा निवडायचा असेल तर गावखडी. पूर्णगडला मुचकुंदी नदीच्या खाडीवरचा पूल ओलांडला की लगेच उजव्या हाताला सुरूचं बन आणि त्यापलीकडे समुद्र. गाडी बनापर्यंत जाते, पायऱ्या नाहीत, चढ नाही. सावलीत सतरंजी टाकून आई निवांत बसू शकतील. मी माझ्या वडिलांना शेवटची दोन वर्षं तिथेच न्यायचो. ते पेपर घेऊन यायचे आणि वाऱ्यापुढे हार मानून घडी करून ठेवायचे. एकदा मी हौसेनं गाडी वाळूवर घातली. चाकं रुतली, आणि सुरूच्या फांद्या खाली घालून ती काढायला गावातल्या चौघांना तासभर लागला. वडील लांबून बघत होते, पुढे महिनाभर येणाऱ्या-जाणाऱ्याला तेच सांगत होते. तेव्हा गाडी बनातच ठेवा.

गावखडीला ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत. तुम्ही याल तेव्हा हंगाम सुरू झालेला असेल. वाळूत जाळीचं कुंपण घातलेला चौकोन दिसला तर तो अंडी जपण्यासाठी केलेला असतो, आत वाकू नका. पिल्लं बाहेर पडायला दीड-दोन महिने लागतात, त्यामुळे डिसेंबरात पिल्लं दिसतील ही आशा धरू नका. अंधार पडल्यावर किनाऱ्यावर मोबाइलचे दिवे पाजळत फिरू नका, एवढंच. उजेड दिसला की किनाऱ्याला लागलेली मादी अंडी न घालता परत जाते.

आता हॉटेलवाले सहसा सांगत नाहीत ती गोष्ट. शांत किनारा शोधताना जागेइतकीच तिथी बघावी लागते. कोरड्या भुसभुशीत वाळूत गुडघेदुखीचा माणूस वीस पावलंही नीट चालत नाही. ओहोटीनंतर उघडी पडलेली ओली वाळू मात्र अंगणासारखी घट्ट असते. आमच्याकडचा जुना हिशेब असा: तिथीला तीनने गुणा, चारने भागा, येईल त्या वाजता भरती पूर्ण. शुद्ध असो की वद्य. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. थोडा वेळ इकडेतिकडे होतो, पण सहल आखायला पुरतो.

म्हणजे काय, तर पौर्णिमेला किंवा अमावास्येला संध्याकाळी पाचच्या सुमारास समुद्र सगळ्यात आत गेलेला असतो. उधाणाचे, म्हणजे मोठ्या भरती-ओहोटीचे, दिवस असल्यामुळे तो नेहमीपेक्षाही आत जातो आणि सूर्यास्ताला भलामोठा किनारा मोकळा मिळतो. त्रयोदशीपासून प्रतिपदेपर्यंतचे दिवस संध्याकाळच्या फिरण्यासाठी धरा. अष्टमीच्या आसपास आलात तर सूर्य मावळताना भरती असेल आणि चालायला अरुंद पट्टा उरेल. भांग, म्हणजे लहान भरती-ओहोटीचे दिवस, असल्यामुळे पाणी फार वर चढत नाही, पण आईंना बनातच बसावं लागेल. तारखा अजून ठरल्या नसतील तर कालनिर्णय उघडा आणि मगच रजा टाका.

ओहोटी चालायला चांगली, पोहायला नाही. गावखडी काय, भाट्ये काय, दोन्हीकडे शेजारी खाडीचं मुख आहे. पाणी उतरताना तिथून बाहेर ओढतं आणि वरून काही कळत नाही. शांत किनाऱ्याची दुसरी बाजू ही, की हाक मारली तर ऐकायला कोणी नसतं. घोट्याभर पाण्यात उभं राहा, मजा तीच.

देवघळीबद्दल राहिलं. कशेळीला कनकादित्याचं, सूर्याचं, देऊळ आहे. त्याची मूर्ती गुजरातेतून आलेल्या एका व्यापाऱ्याच्या गलबतातून इथल्या कड्यातल्या गुहेत आली अशी कथा आहे, म्हणून ती देवघळी. कड्याखाली छोटीशी पुळण, दोन्ही बाजूंना काळा कातळ. माझा लाडका किनारा तोच. पण उतरून परत चढायचं आहे. गावखडीहून तो लांब नाही, तेव्हा आई-वडिलांना देवळाच्या थंडगार सभामंडपात बसवून तुम्ही एकटे खाली जाऊन या. त्याच्याही पुढे, आंबोळगडापर्यंत, किनारे आहेतच, पण तासाभराची अट मोडते.

जेवणाचं आदल्या दिवशी ठरवा. या बाजूला टपऱ्या जवळजवळ नाहीत, आणि त्या नाहीत म्हणूनच गर्दी नाही. पावस-पूर्णगड भागात घरगुती जेवण मिळतं, पण आयत्या वेळी चार पानं मागितलीत तर भात-आमटीवर भागवावं लागेल. उकडीचे मोदक हवे असतील तर रात्रीच फोन करून सांगा. पाणी शहरातूनच भरून घ्या, रिकाम्या बाटल्या परत गाडीत. आणि डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य बुडतो, सुरूच्या बनात त्यानंतर दहा मिनिटांत पायाखालचं दिसेनासं होतं. मुळं वर आलेली आहेत तिथे. आईंसाठी एक चांगली विजेरी आणि दुमडायची खुर्ची गाडीत असू द्या.