विज्ञानकादंबऱ्यांवर गप्पांची बैठक ठेवायची आहे. कोणत्या कादंबरीसोबत कोणतं कॉकटेल शोभेल?

आधी एक सांगते: पेल्याचा रंग आणि पुस्तकाचं मुखपृष्ठ जुळवत बसू नका. अंतराळाची गोष्ट म्हणून निळं कॉकटेल, परग्रहवासी आले म्हणून हिरवं, वर कोरड्या बर्फाचा धूर. फोटो छान येतात, पण बोलणं फोटोपाशीच थांबतं. (कोरडा बर्फ वापरणारच असाल तर त्याचा खडा कुणाच्याही पेल्यात जाऊ देऊ नका. उणे ७८ अंशांचा तुकडा गिळला गेला तर इजा गंभीर होते.) पेय निवडताना मी एवढंच बघते की कादंबरीतला प्रश्न हातातल्या पेल्यात थोडा तरी घडतोय का. घडत असेल, तर पुस्तक अर्धंच वाचून आलेला माणूसही बोलायला लागतो.

फ्रँक हर्बर्टची 'ड्यून' (१९६५) घ्या. त्यातल्या वाळवंटी ग्रहावर मिळणाऱ्या मौल्यवान मसाल्याला दालचिनीचा वास येतो, म्हणून सगळे व्हिस्कीत दालचिनी घालून मोकळे होतात. जरूर घाला, चव चांगली लागते. पण ही कादंबरी पाण्याची आहे. वाळवंटातल्या फ्रेमेन लोकांचा म्होरक्या स्टिल्गार ग्रहाचा कारभार हाती घेतलेल्या ड्यूकला भेटायला येतो आणि सरळ टेबलावर थुंकतो. ड्यूकची माणसं खवळतात, तेवढ्यात त्यांच्यातलाच डंकन आयडाहो त्याचे आभार मानतो, कारण अंगातला ओलावा देणं हा तिथला मोठा मान. आता गंमत अशी, की बर्फासोबत ढवळलेल्या कॉकटेलचा साधारण पाचवा-चौथा हिस्सा वितळलेलं पाणीच असतं. आपण ते मोजत नाही, पण चव त्यानेच बसते. 'ड्यून'साठी नेमकं तेच काढून घ्यायचं. ५० मिली व्हिस्की, एक चमचा दालचिनीचा पाक, दोन थेंब बिटर्स (कडू मसालेदार अर्क). बर्फ अजिबात नाही. सगळ्यांच्या मधोमध पाण्याचं एकच लहानसं भांडं आणि एकच चमचा. पहिला घोट घशाला लागतो. चमचाभर पाणी पडलं की दालचिनी एकदम खुलते. मग कुणी किती पाणी घ्यायचं, भांडं कुणाच्या हाताशी ठेवायचं यावरून थट्टा सुरू होते आणि बघता बघता ती ग्रहाची मालकी कुणाची इथवर जाते. ड्यूकचा मुलगा पॉल तारणहार की सत्तेला चटावलेला पोरगा, हा वाद उकरून काढावा लागत नाही.

दारू न घेणाऱ्यांनाही याच खेळात घ्या. त्यांच्या हातात फळांचा गोड रस दिला की ते बाजूला पडतात. कडक उकळून गार केलेला कोरा चहा आणि तोच दालचिनीचा पाक द्या. चहाचा तुरटपणा व्हिस्कीच्या जळजळीची जागा बऱ्यापैकी घेतो, आणि पाण्याच्या भांड्यावर त्यांचाही हक्क राहतो.

उर्सुला ल ग्विनच्या 'द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस'मध्ये (१९६९) गेथेन नावाचा गोठलेला ग्रह आहे. तिथे गरम बिअर पितात, आणि दोन घोटांच्या मध्ये पेयावर जमलेला बर्फ फोडायला टेबलावर छोटं हत्यार ठेवलेलं असतं! बिअर गरम करण्याच्या भानगडीत पडू नका. हॉट टॉडी करा: व्हिस्की, मध, लिंबू, दोन लवंगा, वरून कढत पाणी. हे घाईने पिता येत नाही, पेला दोन्ही हातांत धरावा लागतो, त्यामुळे बैठकीचा वेग आपोआप उतरतो. या कादंबरीला तो वेग हवाच. गेथेनची माणसं एरवी ना स्त्री ना पुरुष. महिन्यातले थोडे दिवस दोन्हींपैकी काहीही होऊ शकतात. पृथ्वीवरून आलेल्या गेन्ली या दूताला एस्त्रावेन या गेथेनच्या माणसावर विश्वास ठेवायला जो वेळ लागतो, त्याचं मूळ तिथेच आहे. बर्फावरच्या प्रवासातल्या तंबूपाशी चर्चा येईल तेव्हा पेले कोमट झालेले असतील. त्या वेळी नवीन गरम पाणी ओतू नका.

मेरी शेलीच्या 'फ्रँकेन्स्टाइन'साठी (१८१८) मी माझाच नियम मोडते, कारण इथे नावही जुळतं आणि आतली गोष्टही. कॉर्प्स रिव्हायव्हर नंबर टू, म्हणजे प्रेताला उठवणारं पेय. लंडनचा बारटेंडर हॅरी क्रॅडॉक याच्या १९३० च्या 'सॅव्हॉय कॉकटेल बुक'मधली कृती अशी: जिन, संत्र्याचं लिकर (गोड दारू), लिले (सुगंधी वाइन) आणि लिंबाचा रस समसमान, शिवाय किंचित अ‍ॅबसिंथ (बडीशेपेच्या चवीची कडक दारू). बर्फात जोरात हलवून गाळलं की चारांतला एकही घटक सुटा ओळखता येत नाही. तुकडे जोडून केलेला तो जीव मग नेमका कुणाचा? आणि करणाऱ्याची जबाबदारी कुठे संपते? क्रॅडॉकने खाली टीपही दिली आहे, की अशी चार पाठोपाठ घेतली तर उठलेलं प्रेत पुन्हा आडवं होईल. म्हणून प्रत्येकी एकच करा.

ऑर्वेलच्या '१९८४'सोबत (१९४९) मात्र चांगलं पेय दिलंत तर फसलात. त्यातली व्हिक्टरी जिन तेलकट, उग्र वासाची. शेवटच्या भागात चेस्टनट ट्री कॅफेतला वेटर नायक विन्स्टनच्या पेल्यात लवंगेच्या वासाचं सॅकरिन टाकतो. तसंच करा: साधी जिन, लवंग घातलेलं सॅकरिनचं पाणी, घोटभरच. तोंडं वाकडी झाली पाहिजेत. मग विचारा, ही जिन सत्ता आपल्या माणसांना का पुरवत असेल?

आपल्या जयंत नारळीकरांच्या 'वामन परत न आला'साठी थरांचं पेय सुचवते. खाली कॉफीचं लिकर, त्यावर आयरिश क्रीम, सगळ्यात वर संत्र्याचं लिकर. जड ते खाली, हलकं ते वर; चमच्याच्या पाठीवरून सावकाश ओतलं तर थर मिसळत नाहीत. जमिनीखाली पुरलेलं प्राचीन ज्ञान हाती लागलं तर ते वापरायचं की तसंच राहू द्यायचं, हा त्या कथेचा पेच; इथे प्रत्येकाला पेला ढवळायचा की नाही ते ठरवावं लागतं.

डग्लस अ‍ॅडम्सच्या 'हिचहायकर्स गाइड'मधल्या (१९७९) पॅन गॅलॅक्टिक गार्गल ब्लास्टर या जहाल पेयाची नक्कल करू नका. सोन्याच्या विटेभोवती लिंबाची फोड गुंडाळून डोक्यात हाणल्यासारखा त्याचा परिणाम लेखकानेच वर्णन केलाय. त्याऐवजी जिन-टॉनिक द्या आणि अतिनील दिवा लावा. टॉनिकमधल्या क्विनीनमुळे पेला निळा चमकतो. हो, मघाशी निळ्या रंगाला नावं ठेवली, पण या पुस्तकाला थोडा बाष्कळपणा चालतो.

वेल्सच्या 'टाइम मशीन'मध्ये (१८९५) प्रवासी लंगडत परततो आणि आधी शॅम्पेनचा पेला रिता करतो. बिटर्समध्ये भिजवलेला साखरेचा खडा टाकून शॅम्पेन ओता. खडा विरघळत जातो तसा पहिला घोट आणि शेवटचा घोट वेगळा लागतो. आणि गिब्सनच्या 'न्यूरोमॅन्सर'ला (१९८४) कॉकटेल नकोच. ती सुरूच बारमध्ये होते, यांत्रिक हाताचा रॅट्झ तिथे बिअर भरत असतो. तुम्हीही बिअरच भरा.