वाचकांचे प्रश्न : ट्रंकेतले युद्धखेळ आणि एक जुने सूचिपत्र

प्रश्न : सप्रेम नमस्कार. माझे थोरले मामा व्यापारी जहाजावर नोकरीला होते. त्यांच्या पश्चात खानापूरच्या घरी त्यांची पत्र्याची ट्रंक उघडली, तेव्हा तीत चार खोकी निघाली. त्यांवर ‘अव्हॅलॉन हिल’ हे नाव असून ‘आफ्रिका कोर’, ‘मिडवे’, ‘पँझरब्लिट्झ’ आणि ‘स्क्वॉड लीडर’ अशी शीर्षके आहेत. सोबत त्याच कंपनीचे सूचिपत्र आहे आणि त्यात काही खेळांपुढे मामांनी पेन्सिलीने खुणा केल्या आहेत. मी आजवर फक्त बुद्धिबळ खेळलो आहे. ही कंपनी कोणती, आणि मी सुरुवात कोठून करावी?
— एक वाचक, खानापूर

उत्तर : पहिली विनंती अशी की, ते सूचिपत्र रद्दीत जाऊ देऊ नका. चारही खोक्यांतले खेळ आपल्याला त्याच्या आधारे नीट लावता येतील, आणि मामांना काय आवडत होते हेही त्या पेन्सिलीच्या खुणांवरून कळेल.

अव्हॅलॉन हिल ही अमेरिकेतील मेरीलँड राज्याच्या बाल्टिमोर शहरातली कंपनी. चार्ल्स रॉबर्ट्स या तरुणाने १९५४ साली ‘टॅक्टिक्स’ नावाचा युद्धखेळ स्वतःच छापून टपालाने विकला, आणि तो पुरेसा खपल्यामुळे १९५८ मध्ये रीतसर कंपनी सुरू करून ‘टॅक्टिक्स टू’ व ‘गेटिसबर्ग’ हे खेळ बाजारात आणले. ‘गेटिसबर्ग’चा विषय अमेरिकेच्या यादवी युद्धातली १८६३ची लढाई हा होता. सेनापतींनी आणि लष्करी शाळांनी नकाशावर युद्धाचा सराव करण्याची प्रथा त्यापूर्वीही होती. मात्र खरी लढाई, खरा भूभाग आणि खऱ्या तुकड्या एका खोक्यात घालून सामान्य घरात पोहोचवण्याचे काम सातत्याने केले ते या कंपनीने. काही वर्षांतच रॉबर्ट्स कर्जात सापडले आणि कंपनी ज्यांचे पैसे देणे लागत होती त्यांपैकी एका छपाई कंपनीकडे ती गेली. पुढची तीन दशके सूचिपत्र वाढत राहिले ते या छापखान्याच्या आधारावर. पट, पुठ्ठ्याच्या सोंगट्या आणि नियमपुस्तिका हे सगळे मुळात छपाईचेच काम असल्यामुळे ही सोयरीक टिकली असावी, असे मला वाटते.

बुद्धिबळाच्या सवयीने आपण पट उघडाल तेव्हा तीन गोष्टी चटकन वेगळ्या वाटतील. पहिली म्हणजे घरे चौकोनी नसून षट्कोनी आहेत. ही पद्धत कंपनीने १९६१ पासून आणली. चौकोनात तिरपी चाल सरळ चालीपेक्षा लांब पडते, तर षट्कोनात सहाही शेजारी सारख्याच अंतरावर राहतात, म्हणून कूच मोजणे न्याय्य होते. दुसरी गोष्ट, आपल्या पाळीत आपण एकच मोहरा नव्हे, तर हव्या तितक्या सोंगट्या हलवू शकता. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. बुद्धिबळात प्यादेही वजिराला हमखास मारते. येथे मात्र दोन्ही बाजूंच्या बळाचे गुणोत्तर काढायचे, फासा टाकायचा आणि छापील तक्त्यात निकाल पाहायचा. गुणोत्तर काढताना अपूर्णांक नेहमी बचाव करणाऱ्याच्या बाजूने सोडला जातो. म्हणजे १२ बळाने ४ बळावर हल्ला केला, तर तो तीनास एक. पण ११ बळाने केला, तर तो फक्त दोनास एक. ‘आफ्रिका कोर’च्या तक्त्यात तीनास एक या प्रमाणाला हल्लेखोर सरळ नष्ट होण्याची भीती राहत नाही. त्यामुळे त्या एका गुणासाठी मागची एखादी तुकडी वेळेवर पुढे आणता येईल का, याचा विचार खेळाडूला दोन पाळ्या आधीपासून करावा लागतो. या खेळांची खरी गोडी मला या हिशेबात सापडली.

आता चार खोक्यांकडे वळू. नवखा माणूस सूचिपत्र युद्धाच्या नावावरून वाचतो. तसे न वाचता एक सोंगटी म्हणजे किती माणसे आणि एक पाळी म्हणजे किती काळ, हे आधी पाहावे. ‘आफ्रिका कोर’ (१९६४) मध्ये एक पाळी अर्ध्या महिन्याची असते. उत्तर आफ्रिकेतल्या मोहिमेचा एप्रिल १९४१ ते ऑक्टोबर १९४२ हा सगळा काळ ३८ पाळ्यांत संपतो. तेथे आपण सेनापतीच्या खुर्चीत बसतो आणि इंधन-दारूगोळा केव्हा येईल याची काळजी करतो, कारण रसद पोहोचली नाही तर जर्मन सेनापती रोमेलच्या तुकड्यांना हल्ला करता येत नाही. ‘पँझरब्लिट्झ’ (१९७०) मध्ये सोंगटी साधारण एका प्लॅटूनएवढी (म्हणजे काही डझन जवानांची) आणि षट्कोन २५० मीटरांचा होतो. त्याचे तीन पट हवे तसे जोडून नवनवी रणभूमी तयार करता येते, हा त्या काळी अगदी नवा विचार होता. ‘स्क्वॉड लीडर’ (१९७७) मध्ये पाळी अवघ्या दोन मिनिटांची आणि षट्कोन ४० मीटरांचा. तेथे रस्ता ओलांडावा की भिंतीआड थांबावे, एवढाच प्रश्न असतो. युद्ध दुसरे महायुद्धच, पण तिन्ही खेळांत आपल्याला ठरवायचे असते ते अगदी निरनिराळे. ‘मिडवे’ या आरमारी लढाईच्या खेळाची जात आणखी वेगळी. त्यात शत्रूचे आरमार आपल्याला दिसत नाही आणि अर्धा खेळ शोध घेण्यात जातो.

सुरुवात ‘आफ्रिका कोर’ने करावी, असे मी निःशंकपणे सांगतो. त्याचे नियम थोडे आहेत, वाळवंटात भूप्रदेशाची गुंतागुंत कमी आहे आणि बुद्धिबळ खेळणाऱ्याला जागा अडवण्याची जी समज असते ती तेथे लगेच उपयोगी पडते. ‘स्क्वॉड लीडर’ सर्वांत शेवटी उघडा. त्याचे नियम बारा प्रसंगांतून टप्प्याटप्प्याने शिकवले आहेत. तो क्रम मोडून मधलाच प्रसंग घेणारा खेळाडू पहिल्याच संध्याकाळी कंटाळतो.

आणखी एक सूचना घरगुती आहे. खानापूरचा पाऊस आपण जाणताच. पुठ्ठ्याचे पट ओल धरतात, मग त्यांच्या घड्या उकलतात आणि कागदाला कसर लागते. खोकी भिंतीला टेकवून ठेवू नका, आणि सोंगट्या सुट्या न ठेवता घट्ट झाकणाच्या लहान डब्यांत बाजूंप्रमाणे वेगळ्या भरा.

प्रश्न : अशाच एका जुन्या सूचिपत्राच्या प्रती मला पाहायला मिळाल्या. खेळ खेळण्याची इच्छा फार आहे, पण मी निवृत्त शिक्षिका असून एकटी राहते आणि जोडीदार मिळण्याची शक्यता दिसत नाही. एकट्याने खेळता येईल असे काही त्यात आहे का?
— एक वाचिका, टिळकवाडी, बेळगाव

उत्तर : आहे, आणि ते शोधण्याची सोय कंपनीनेच करून ठेवली आहे. पुढच्या काळातल्या खोक्यांच्या पाठीवर खेळाची काठिण्यपातळी १ ते १० या मापावर दिलेली असते, आणि एकट्याने खेळण्यास तो कितपत योग्य आहे हेही स्वतंत्रपणे नोंदलेले असते. ज्यात दोन्ही बाजूंच्या सगळ्या सोंगट्या उघड्या पटावर असतात, तो खेळ एकट्यानेही चांगला खेळता येतो. आपण आधी एका बाजूने बसून प्रामाणिकपणे उत्तम चाल करायची, मग खुर्ची बदलायची. शिक्षिका असल्यामुळे दोन्ही बाजूंना निःपक्षपातीपणे गुण देण्याची सवय आपल्याला असेलच. ‘मिडवे’सारखे लपवाछपवीचे खेळ मात्र एकट्याने जमत नाहीत. ‘डिप्लोमसी’ तर मुळीच जमणार नाही, कारण त्यात फासा नसतो आणि सात खेळाडूंमधली बोलणी व करार हाच सगळा खेळ असतो. खास एकट्यासाठीच रचलेला खेळ हवा असेल, तर याच कंपनीच्या ‘व्हिक्टरी गेम्स’ या शाखेने १९८३ मध्ये काढलेला ‘अँबुश’ पाहावा.

पण जोडीदार मिळणार नाही असे आपण इतक्या लवकर ठरवू नये, असे मला मनापासून वाटते. अमेरिकेतही गावोगावी हीच अडचण होती. कंपनीने १९६४ पासून ‘द जनरल’ नावाचे नियतकालिक चालवले आणि त्यात ‘प्रतिस्पर्धी हवा’ अशा छोट्या जाहिराती छापल्या. त्यावरून टपालाने खेळण्याची पद्धत रूढ झाली. दोघांच्या घरी सारखाच पट मांडलेला असे आणि चाली पत्राने कळवल्या जात. फासा कोणी टाकायचा, हा अविश्वासाचा प्रश्न त्यांनी फार सुंदर सोडवला होता. पुढच्या एका तारखेला अमुक कंपनीच्या शेअरचे वर्तमानपत्रात जे आकडे छापून येतील, त्यातल्या शेवटच्या अंकावरून फाशाचा निकाल ठरवायचा, असे आधीच लिहून कळवत. असा आकडा आधी कोणाला ठाऊक असणार नाही आणि नंतर कोणाला बदलता येणार नाही. ही युक्ती आजही चालेल. बेळगावात बसून आपण निपाणीच्या किंवा चिकोडीच्या वाचकाशी याच रीतीने खेळू शकता, मग चाली पत्राने पाठवा की मोबाइलवर. संगणक हाताळता येत असेल, तर ‘व्हॅसल’ हे विनामूल्य सॉफ्टवेअरही आहे. त्यात पट आणि सोंगट्या पडद्यावर मांडून दूरच्या माणसाशी खेळता येते. या अंकापासून, ज्या वाचकांना प्रतिस्पर्धी हवा आहे त्यांनी आपले गाव आणि खेळाचे नाव आम्हांला कळवावे. आम्ही दोन्ही बाजूंची संमती घेऊन गाठ घालून देऊ.

प्रश्न : माझ्याकडील खेळातल्या सात-आठ सोंगट्या हरवल्या आहेत. सूचिपत्रात सुटे भाग मागवण्याचा पत्ता आहे. त्यावर लिहावे का?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : लिहू नये. ती जुनी कंपनी १९९८ मध्ये हॅस्ब्रो या मोठ्या खेळणी उत्पादक कंपनीला विकली गेली. ‘अव्हॅलॉन हिल’ हे नाव आजही नव्या खेळांवर दिसते, पण जुन्या सोंगट्यांचा साठा आणि ती टपालसेवा आता नाही. ‘स्क्वॉड लीडर’ची १९८५ मध्ये आलेली प्रगत मालिका मात्र दुसऱ्या प्रकाशकाने परवाना घेऊन चालू ठेवली आहे. हरवलेल्या सोंगट्यांसाठी नियमपुस्तिकेतील किंवा मांडणीच्या तक्त्यातील यादी पाहावी, त्याच मापाचा चौकोन जाड पुठ्ठ्यातून कापावा आणि तुकडीचे नाव, बळ व चालीचा आकडा शाईने लिहावा. खेळात काही उणे पडत नाही.

प्रश्न : माझे आजोबा दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणीत होते. लहानपणापासून मी बेळगावच्या छावणीतली परेड पाहत आले. या परदेशी खेळांत आपल्या माणसांना कोठे जागा आहे का, की त्यांत फक्त इंग्रज, जर्मन आणि अमेरिकन लढतात?
— एक वाचिका, हिंडलगा

उत्तर : जागा आहे, पण ती शोधावी लागते, आणि येथेही सोंगटी केवढी या प्रश्नाशीच आपण येऊन थांबतो.

‘आफ्रिका कोर’च्या ब्रिटिश बाजूला भारतीय ब्रिगेडच्या (म्हणजे काही बटालियन मिळून झालेल्या मोठ्या तुकडीच्या) सोंगट्या आहेत. खेळाडू लिबियाच्या किनाऱ्यावरील टोब्रुकच्या किल्ल्यात एखादी तुकडी ठेवतो तेव्हा नियमाप्रमाणे तिचे बचावाचे बळ दुप्पट होते, आणि म्हणून टोब्रुक पटावर बराच काळ टिकू शकते. प्रत्यक्षात जून १९४२ मध्ये टोब्रुकच्या आग्नेय बाजूची तटबंदी ११व्या भारतीय ब्रिगेडकडे होती आणि त्या ब्रिगेडमध्ये पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची दुसरी बटालियन होती. २० जूनच्या सकाळी विमानांच्या भडिमारानंतर रोमेलने आपला मुख्य घाव नेमका याच बाजूवर घातला. तेथल्या सुरुंगांपैकी बरेचसे आधीच काढून दुसरीकडे नेलेले होते. दुसऱ्या दिवशी गडाने शरणागती पत्करली आणि ३० हजारांहून अधिक सैनिक कैद झाले. मराठा बटालियनही त्यांत होती. पंधरवड्याच्या पाळीत आणि ब्रिगेडच्या सोंगटीत हे काहीच दिसत नाही. एक फासा पडतो आणि सोंगटी पटावरून उचलली जाते. खेळ रचणाऱ्याचा तो दोष मी मानत नाही. पण बेळगावच्या वाचकाने ती सोंगटी उचलताना तिच्यात कोण होते हे जाणून असावे, असे मला फार वाटते.

एकेका जवानाच्या जवळ जाणारा खेळ ‘स्क्वॉड लीडर’. मात्र मूळ खोक्यात जर्मन, रशियन आणि अमेरिकन हेच आहेत. ब्रिटिश तुकड्या ‘क्रेसेंडो ऑफ डूम’ या पुढच्या पुरवणीत आल्या. इटलीतल्या मोहिमेसाठी सूचिपत्रात १९६९चा ‘अँझिओ’ सापडेल. त्याचा पट सगळ्या इटलीचा आहे. व्हिक्टोरिया क्रॉसचे दोन मराठा मानकरी याच मोहिमेतले: नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात धारातीर्थी पडले, आणि शिपाई नामदेव जाधव यांनी ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर पराक्रम केला. घाडगे तिसऱ्या बटालियनचे, जाधव पहिल्या बटालियनचे.

आपल्या आजोबांची सेवापुस्तिका घरात असेल, तर तीवर बटालियनचा आकडा पाहा. तो ‘२/५’ असा लिहिलेला असेल, तर दुसरी बटालियन, पाचवी रेजिमेंट असे वाचावे. त्यावरून ब्रिगेड आणि डिव्हिजन काढता येते. तो आकडा आम्हांला कळवलात, तर कोणत्या खेळातली कोणती सोंगटी आपल्या आजोबांची असू शकेल हे पुढच्या अंकात पट समोर ठेवून सांगू.