वाचकांचे प्रश्न : चंद्रभागेला भरती येते का?

चैत्र लागला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत पाणी आणि आभाळ हे दोनच विषय उरतात. सोलापूर जिल्ह्यातून आलेली पुढील चार पत्रे एकत्र घेतली आहेत, कारण त्यांपैकी तीन पत्रांत घडल्या गोष्टीचे श्रेय किंवा दोष चंद्राकडे दिलेला आहे आणि चौथ्यात, चंद्राचे नावही नसताना, भरती-ओहोटीचाच प्रश्न दडलेला आहे.

प्रश्न : आमच्या सुनेचे माहेर चिपळूणजवळ आहे. तेथे वाशिष्ठी नदीचे पाणी काही वेळ उलट, म्हणजे डोंगराच्या दिशेने सरकताना आम्ही पाहिले. इकडे पंढरपुरातही भर उन्हाळ्यात, पावसाचा थेंब नसताना, चंद्रभागेचे पाणी रातोरात घाटाच्या पायरीला लागलेले दिसते. पौर्णिमेच्या सुमारास हे घडले, तर ती भरतीच समजायची का?
— एक वाचक, पंढरपूर

उत्तर : वाशिष्ठीत आपण पाहिली ती खरोखरच भरती होती. चंद्रभागेत पाहिले ते मात्र धरणातून सोडलेले पाणी होते.

चंद्राच्या आणि त्याहून कमी प्रमाणात सूर्याच्या आकर्षणामुळे समुद्राची पातळी आपल्या किनाऱ्यावर दिवसातून साधारण दोन वेळा चढते आणि दोन वेळा उतरते. एका भरतीपासून पुढच्या भरतीपर्यंत सुमारे 12 तास 25 मिनिटे जातात, म्हणून रोजची भरती आदल्या दिवसापेक्षा जवळपास 50 मिनिटे उशिरा येते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास चंद्र आणि सूर्य यांची ओढ एका रेषेत आल्यामुळे पाणी अधिक चढते. त्याला कोकणात उधाण म्हणतात, तर अष्टमीच्या आसपासच्या मंद भरतीला भांगाची भरती म्हणतात. तिथीच्या अंकाला पाऊणने गुणले की भरतीची वेळ ढोबळमानाने मिळते, हा हिशेब कोकण किनाऱ्यावर आजही तोंडी केला जातो. अष्टमीला सहाच्या सुमारास भरती, हे त्याचे सोपे उदाहरण.

समुद्र चढला म्हणजे त्याला मिळणारी नदीही चढेल, पण कुठपर्यंत, हे नदीच्या उतारावर ठरते. वाशिष्ठी सह्याद्रीतून उतरून थोडक्या अंतरात दाभोळच्या खाडीला मिळते आणि चिपळूणजवळ तिचे पात्र समुद्रसपाटीपासून फारसे उंच उरत नाही, त्यामुळे भरतीचे पाणी तिथपर्यंत सहज पोहोचते. (वाशिष्ठीच्या चढउतारात कोयनेच्या वीजगृहांतून पश्चिमेकडे सोडलेल्या पाण्याचाही वाटा असतो, म्हणून तेथेही सगळा जमाखर्च चंद्राच्या नावावर मांडता येत नाही.) कोलकात्याच्या हुगळीत उधाणाच्या दिवसांत पाण्याची भिंतच नदीत शिरते आणि तिला तिकडे बान म्हणतात. दक्षिण अमेरिकेतील अ‍ॅमेझॉन नदीचा खालचा भाग इतका सपाट आहे की भरतीचा परिणाम मुखापासून सुमारे 800 किलोमीटर आतपर्यंत जाणवतो.

हे अंतर ऐकून भीमेबद्दलही (पंढरपुरात तिलाच चंद्रभागा म्हणतात) शंका येणे स्वाभाविक आहे. परंतु भीमा पश्चिमेच्या समुद्राकडे जातच नाही. भीमाशंकरला उगम पावून ती आग्नेयेकडे वाहते, कर्नाटकात रायचूरजवळ कृष्णेला मिळते आणि हे पाणी पुढे आंध्र प्रदेशात बंगालच्या उपसागराला जाते. त्या किनाऱ्यावर समुद्राचा चढउतार मोठा नाही. उधाणातही तो साधारण एक-दीड मीटरच्या घरात असतो. हे पाणी कृष्णेत शिरले तरी विजयवाड्याच्या प्रकाशम बंधाऱ्यापाशी त्याची वाट बंद होते, त्याच्या वर नागार्जुनसागर आणि श्रीशैलम ही प्रचंड धरणे आहेत, आणि ही सर्व बांधकामे नसती तरीही पंढरपूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास उंचीवर असल्याने दीड मीटरची भरती तेथे कदापि पोहोचली नसती.

मग चंद्रभागा रातोरात चढते कशी? भीमेवरच्या उजनी धरणातून नदीपात्रात पाणी सोडले जाते तेव्हा. सोलापूर शहराच्या पिण्याच्या पाण्यासाठी भीमेच्या पात्रातून औज बंधाऱ्यापर्यंत पाणी न्यावे लागत आले आहे, वारीच्या काळात भाविकांच्या स्नानासाठी पाणी सोडले जाते, आणि पावसाळ्यात नीरा नदीवरील वीर धरणाचा विसर्ग नीरा नरसिंहपूरच्या संगमावर भीमेत उतरतो. धरणाचे दरवाजे दिवसा उघडले, तरी ते पाणी कोरड्या वाळूत मुरत, डोह भरत पुढे सरकते आणि पंढरपूरला रात्री-अपरात्री पोहोचू शकते. त्यातच खालच्या कोल्हापुरी पद्धतीच्या बंधाऱ्याचे बर्गे (पाणी अडवण्यासाठी गाळ्यांत बसवायच्या फळ्या) टाकलेले असतील, तर पाणी वाहून न जाता मागे फुगते, आणि बर्गे काढले की काही तासांत पायऱ्या पुन्हा उघड्या पडतात. उन्हाळ्यात नदीकाठच्या गावांमध्ये बर्ग्यांवरून होणारी भांडणे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना नदीची पातळी कोण ठरवते हे वेगळे सांगायला नको.

आपल्याला स्वतः खात्री करायची असल्यास घाटाच्या एका पायरीवर खडूने खूण करून दिवसभरात चार-पाच वेळा पाणी पाहावे. भरती असेल तर पाणी सहा तासांत चढून पुढच्या सहा तासांत उतरेल आणि दुसऱ्या दिवशी तोच खेळ पाऊण-एक तास उशिरा करील. सोडलेले पाणी मात्र एकदा चढले की विसर्ग असेपर्यंत चढलेलेच राहील. पौर्णिमेचा योग जुळला तरी तो योगायोगच. असे पाणी वाढलेले असताना ओळखीच्या जागीही पात्रात उतरू नये, कारण वाळूउपशाचे खड्डे पाण्याखाली दिसत नाहीत.

प्रश्न : उजनीच्या फुगवट्यावर आमच्या मोटारी आहेत. पाणी मागे सरकते तसे पाइप वाढवावे लागतात, ते समजते. परंतु काही दिवशी दुपारी पाणी चार बोटे पुढे येते आणि रात्री परत जाते. जलाशय समुद्राएवढा नसला तरी मोठा आहे. मग ही चंद्राची ओढ असू शकते का?
— एक शेतकरी, करमाळा तालुका

उत्तर : असू शकत नाही. उत्तर अमेरिकेतील सुपीरियर सरोवर उजनीच्या कित्येक पट मोठे आहे, तरीही त्यातील भरती-ओहोटीचा फरक पाच सेंटीमीटरच्या आत असतो. उजनीत तो डोळ्यांना दिसणेच शक्य नाही. आपण पाहता तो वाऱ्याचा परिणाम होय. उन्हाळी दुपारी सुटलेला वारा लांबच लांब उघड्या पाण्यावरून एकाच दिशेने वाहत राहिला, की पाणी त्या टोकाच्या काठावर लोटले जाते आणि वारा पडला की ते मागे येते. काठाचा उतार सौम्य असेल, तर बोटभर उंचीच्या फरकाने पाण्याची कड हातभर पुढे आलेली दिसते. पुढच्या वेळी वारा कोणत्या बाजूने आहे तेवढे पाहावे, आणि उजनी मायनसमध्ये, म्हणजे उपयुक्त साठ्याच्या खाली, जाण्याच्या दिवसांत फूटव्हॉल्व्ह (पाइपच्या पाण्यातील टोकाची झडप) या तात्पुरत्या चढाच्या भरवशावर ठेवू नये.

प्रश्न : सेवानिवृत्तीनंतर हौस म्हणून मी घरात वायुभारमापक लावला आहे. सकाळी दहाच्या सुमारास त्याचा काटा वर असतो आणि दुपारी चारपर्यंत तो न चुकता खाली येतो. पुस्तकात लिहिले आहे की वायुभार घसरला म्हणजे वादळ येते. वादळ तर रोज येत नाही. उपकरण बिघडले आहे काय?
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : उपकरण उत्तम आहे, आणि समुद्रापासून इतक्या दूर राहून आपण रोज भरती-ओहोटीच मोजत आहात, फक्त ती पाण्याची नसून हवेची आहे. या सदराकडे आलेल्या पत्रांत इतके नेमके निरीक्षण क्वचित आढळते.

वातावरणाचा दाब दिवसातून दोन वेळा, सकाळी आणि रात्री दहाच्या सुमारास, चढतो आणि पहाटे व दुपारी चारच्या सुमारास उतरतो. विषुववृत्तापासून दूरच्या थंड प्रदेशांत येणाऱ्या-जाणाऱ्या वादळी प्रणालींच्या गोंधळात हा चढउतार झाकला जातो. आपल्या दख्खनच्या पठारावर, विशेषतः निरभ्र कोरड्या दिवसांत, तो इतका स्पष्ट असतो की सकाळच्या आणि दुपारच्या दाबात तीन-चार हेक्टोपास्कलचा (हे वायुभाराचे एकक) फरक पडणे ही नित्याची बाब आहे. समुद्राच्या भरतीमागे चंद्राचे आकर्षण मुख्य असते, तर हवेच्या भरतीमागे सूर्याची उष्णता असते. उंचावरील ओझोन आणि खालच्या थरांतील बाष्प ऊन शोषून तापतात, त्यातून साऱ्या वातावरणात एक लाट उठते आणि ती सूर्याच्या मागोमाग पृथ्वीभोवती फिरते. म्हणूनच तिची वेळ घड्याळाला धरून राहते आणि समुद्राच्या भरतीसारखी रोज 50 मिनिटांनी पुढे ढकलली जात नाही. चंद्राचाही हवेवर परिणाम होतो, परंतु तो हेक्टोपास्कलच्या दहाव्या भागाइतकासुद्धा नसतो, आणि आपल्या काट्यावर तो कधीच दिसणार नाही.

पुस्तकातील वाक्य चुकीचे नाही, मात्र ते वापरताना दुपारच्या दाबाची तुलना सकाळच्या दाबाशी न करता कालच्या दुपारच्या दाबाशी करावी. रोज चार वाजताची नोंद ठेवली आणि ती दोन-तीन दिवस सलग खाली येत गेली, तर वातावरणात खरोखर काही शिजते आहे असे समजावे. आपला काटा 950 ते 960 च्या दरम्यान असेल आणि वर्तमानपत्रात हजाराच्या वरचा आकडा दिसत असेल, तर त्यानेही गोंधळू नये. बातमीतील आकडा, तोच दाब समुद्रसपाटीवर किती भरला असता, असा हिशेब करून दिलेला असतो. आणखी एक गंमत अवश्य पाहावी. वळीव प्रत्यक्ष अंगावर येतो त्या क्षणी, गार वाऱ्याच्या पहिल्या झोतासरशी, काटा खाली जाण्याऐवजी झटक्यात वर उडी घेतो, कारण ढगातून कोसळणारी थंड हवा जड असते.

प्रश्न : आमचे बेदाण्याचे शेड आहे. फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत रॅकवर माल असतो आणि नेमके त्याच काळात सकाळी कडक ऊन व संध्याकाळी गारा, असा प्रकार होतो. जुनी माणसे म्हणतात की अमावास्या आली की वातावरण फिरते. हे कितपत खरे मानावे आणि सकाळीच काही ओळखता येईल का?
— एक द्राक्ष उत्पादक, पंढरपूर तालुका

उत्तर : अमावास्या आणि पौर्णिमा मिळून महिन्यात दोन दिवस, आणि प्रत्येकाच्या मागचे-पुढचे दोन-दोन दिवस धरले की महिन्याचा तिसरा हिस्सा व्यापला जातो. इतकी मोठी जागा राखून ठेवल्यावर अवकाळी पाऊस त्या जागेत अधूनमधून सापडणारच. जुन्या माणसांच्या अनुभवाचा आदर राखूनही असे म्हणावेसे वाटते की आपल्या पंचांगानेच या बाबतीत अधिक शहाणपण दाखवले आहे : मृग, आर्द्रा, पुष्य ही पावसाची नक्षत्रे आपण मोजतो ती सूर्याची, चंद्र त्या हिशेबात धरलेला नाही.

वातावरण फिरते त्याची कारणे अशी. मार्चपासून पठार झपाट्याने तापते. नुसत्या तापण्याने फार तर फुफाटा उडतो आणि वावटळी उठतात, कारण हवा कोरडी असते. परंतु याच काळात विदर्भ-मराठवाड्यापासून अंतर्गत कर्नाटकमार्गे दक्षिणेपर्यंत कमी दाबाचा एक लांबट पट्टा वारंवार तयार होतो. हवामानाच्या बातम्यांत त्याला द्रोणीय रेषा म्हणतात. त्याच्या एका अंगाला वायव्येकडून येणारे कोरडे वारे आणि दुसऱ्या अंगाला समुद्रावरून आलेले दमट वारे असतात. हा पट्टा सोलापूरच्या जवळ सरकला की दमट हवा मिळते, दुपारचे ऊन तिला वर ढकलते, आणि तीन-चार तासांत पांढऱ्या ढगाचा काळा डोंगर उभा राहतो. पट्टा थोडा बाजूला सरकला की दुसऱ्या दिवशी पुन्हा लख्ख ऊन. लहरीपणा दिसतो तो या सरकण्याचा.

गारांसाठी याखेरीज वरची हवा पुरेशी थंड असावी लागते. हिवाळ्याच्या शेवटी उत्तर भारतावरून जाणाऱ्या पश्चिमी झंझावातांच्या प्रभावाने ती अधूनमधून महाराष्ट्रापर्यंत थंड होते. फेब्रुवारी-मार्च 2014 मध्ये राज्यभर झालेली गारपीट आपणांस आठवत असेल. ढगातील वर जाणारा झोत पाण्याचे थेंब पाणी गोठते त्या उंचीच्याही वर उचलतो, गारेवर बर्फाचे थर चढत जातात, आणि तिचे वजन झोताला पेलवेनासे झाले की ती खाली येते. मोठी गार मधोमध फोडून पाहिली तर कांद्यासारखे पदर दिसतात. मे महिन्यात वळीव जास्त जोराचा असला तरी वरची हवाही तापलेली असल्याने बरीचशी गार वाटेतच वितळते, आणि पावसाळ्यातल्या ढगांत तर असा जोरकस झोत सहसा नसतो.

सकाळी पाहण्याजोग्या खुणा आहेत. पहाटे कोरडा गारवा जाणवण्याऐवजी अंग चिकट होत असेल आणि वारा पश्चिम-वायव्येचा सोडून दक्षिण किंवा आग्नेयेचा झाला असेल, तर बाष्प आलेले आहे. सकाळी लवकरच मध्यम उंचीवर बुरुजांसारखे टोकदार ढगांचे पुंजके दिसले, तर वरची हवा अस्थिर आहे. अकराच्या आत कापसाचे ढग उंच वाढू लागले, तर संध्याकाळची वाट न पाहता दुपारच्या जेवणापूर्वीच शेडच्या बाजूंच्या ताडपत्र्या सोडून बांधून घ्याव्यात, विशेषतः ज्या बाजूने आदल्या वेळी झड आत आली होती ती बाजू आधी. नुकत्याच रॅकवर टाकलेल्या मालाला ओल लागली तर तो काळा पडतो आणि त्याची प्रत हातची जाते, म्हणून असा अंदाज असेल त्या दिवशी नवीन माल डिपिंगला (सुकवण्यापूर्वी द्राक्षे द्रावणात बुडवायला) न घेणे बरे.

बांधाबांध वेळेवर उरकण्याचे दुसरे कारण मालापेक्षा मोठे आहे. रॅक लोखंडी अँगलचे आणि तारेच्या जाळीचे असतात, आणि शेड बहुधा मोकळ्या माळावर असते. गडगडाट ऐकू येऊ लागला म्हणजे वीज आपल्यापर्यंत पोहोचण्याइतकी जवळ आली आहे, असेच धरून चालावे. त्यानंतर मजुरांना रॅकजवळ पाठवू नये, सर्वांनी पक्क्या घरात किंवा बंद गाडीत थांबावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास उलटल्यावरच बाहेर पडावे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचे 'दामिनी' हे मोबाइल अ‍ॅप आसपास पडणाऱ्या विजेची सूचना देते; ते शेडवरील मुकादमाच्या फोनमध्येही टाकून द्यावे, कारण त्या वेळी मालक बहुधा तासगावच्या बेदाणा सौद्याला गेलेला असतो.