वाचकांचे प्रश्न : हळदीतल्या कर्क्युमिनने प्रोटीएज (प्रथिनं कापणारं एन्झाइम) खरंच अडतं का?

प्रश्न : करोना विषाणूच्या मेन प्रोटीएजच्या ६एलयू७ या त्रिमितीय रचनेवर व्हिना या सॉफ्टवेअरने डॉकिंग केलं (रेणू तिथे कसा बसेल याचा संगणकी अंदाज), कर्क्युमिनचा स्कोअर उणे ७.८ किलोकॅलरी आला. एडान्स-डॅबसिल सब्स्ट्रेटच्या चाचणीत (एन्झाइमने सब्स्ट्रेट कापला की एडान्स चकाकतं) आयसी५०, म्हणजे एन्झाइमचं काम निम्म्यावर आणणारी मात्रा, मे महिन्यात ५ मायक्रोमोलर आला, जुलैत ४०. कुठला आकडा धरू?
— एम.एस्सी.ची विद्यार्थिनी, परळ

उत्तर : तूर्तास एकही धरू नका.

आधी स्कोअर. १.४ किलोकॅलरीचा फरक म्हणजे पकडीत दहापट फरक, आणि व्हिनाची चूकच दोन किलोकॅलरीहून मोठी असते. कोणतं संयुग आधी तपासायचं, एवढ्यापुरताच तो उपयोगी. शिवाय ६एलयू७ मधला एन३ हा इनहिबिटर (एन्झाइम अडवणारा रेणू) एन्झाइमच्या सिस्टीन १४५ या अमिनो आम्लाला सहसंयुज बंधाने जोडलेला आहे आणि साधं व्हिना तो बंध धरत नाही. पद्धत पारखायला ६डब्ल्यू६३ ही रचना घ्या. त्यातलं, सहसंयुज बंधाविना बसलेलं एक्स७७ काढून पुन्हा बसवा, आरएमएसडी (मूळ जागेपासूनचं सरासरी अंतर) २ अँग्स्ट्रॉमच्या आत यायला हवा.

खरी गोम चाचणीत आहे. कर्क्युमिन ४२५ नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश शोषतं आणि तो पट्टा एडान्सच्या चकाकीवर येतो. एन्झाइम चालूच असतं, फक्त उजेड गिळला जातो. म्हणून एन्झाइम न घालता, नुसत्या एडान्समध्ये त्याच मात्रांचं कर्क्युमिन घालून वाचन घ्या. तिथेही चकाकी उतरली, तर तुमचा आयसी५० रंगाचा आहे.

मग बफरमध्ये ०.०१ टक्का ट्रायटन एक्स-१०० हे डिटर्जंट घालून पुन्हा करा. आयसी५० एकदम वाढला, म्हणजे अडवणूक नाहीशी झाली, तर संयुगाचे गोळे होऊन एन्झाइम त्यांना चिकटत होतं. १ मिलिमोलर ताजं डीटीटी (ऑक्सिडेशन रोखणारं रसायन) घालूनही पाहा. ते शिळं असेल तर सिस्टीन १४५ चं ऑक्सिडेशन होतं आणि काहीही इनहिबिटर भासतं.

मे-जुलैचा फरक? आम्हाला डीएमएसओचा, म्हणजे संयुग ज्यात विरघळवतात त्या द्रावकाचा, संशय आहे. ते हवेतली ओल ओढतं. फ्रीझरमधली कुपी गार असतानाच उघडली, तर मुंबईच्या पावसाळ्यात आत पाणी शिरणारच. मग संयुगाचा साका तळाशी बसतो, पिपेटमध्ये कमी येतं. स्टॉक २० मायक्रोलिटरच्या कुप्यांत वाटून ठेवा, खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडा, एकदा वापरून टाका. प्रत्येक खाचेत डीएमएसओ १ टक्काच ठेवा आणि प्रत्येक प्लेटवर तुलनेसाठी जीसी३७६ हा माहितीतला इनहिबिटर लावा. त्याचा आकडा हलला तर प्लेटच बाद.

प्री-इन्क्युबेशनची (सब्स्ट्रेट घालण्याआधी एन्झाइम आणि कर्क्युमिन एकत्र ठेवण्याची) वेळही दोन्ही खेपांना तीच होती ना, ते वहीत पाहा. ३७ अंशांवर, पीएच ७.२ च्या सीरम नसलेल्या बफरमध्ये अर्ध्या तासात सुमारे ९० टक्के कर्क्युमिन विघटित होतं.

एवढ्यातून आकडा टिकला, तरच पेशींवरच्या चाचणीकडे वळा, आणि त्याच पेशींवर विषारीपणाही मोजा. तोवर पोस्टरवर ‘इनहिबिटर’ लिहू नका.